कमांड पाठ नको, फाईल हवी

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

मागच्या वेळी मी डॉकरबद्दल बोलले. त्यानंतर केंद्रावर जे फोन आले, त्यांतल्या बऱ्याच जणींचा प्रश्न एकच होता : "ताई, ती एवढी लांबलचक कमांड दर वेळी तुम्हीच येऊन टाकणार का?" एका काकूंनी तर पुढचंही विचारलं, "आणि तुम्ही लेकीच्या बाळंतपणाला गेलात तर?" प्रश्न अगदी रास्त आहे. आजचं बोलणं त्यावरच.

ज्यांनी मागचं ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या केंद्राच्या कपाटात एक जुना लॅपटॉप आहे. त्यावर आपण आपली रेकॉर्डिंग ठेवली आहेत. भोंडल्याची गाणी, आजीबाईंच्या जात्यावरच्या ओव्या, दवाखान्याबद्दलची बोलणी, मुलाखती असं सगळं. सामुदायिक रेडिओच्या सरकारी नियमाप्रमाणे प्रसारित केलेला कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो. तीन महिन्यांनंतर त्याचं काय, ते ज्याचं त्याने बघायचं. पण ओवी सांगणारी आजी तीन महिन्यांनी पुन्हा तीच ओवी तशीच सांगायला असेलच असं नाही.

मग हे सगळं फुकटच्या गूगल खात्यात का नाही ठेवलं? एक तर जागा. नेहमीच्या १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत १५ मिनिटांचं बोलणं साधारण १४ एमबी होतं. हजार भाषणं झाली की १४ जीबी. फुकटच्या खात्यात मिळतात १५ जीबी, आणि त्यातच ईमेल, त्यातच फोटो. दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. आपल्याकडे काही मुलाखती अशा आहेत की त्या देताना बाईने विचारलं होतं, "हे कुठे राहणार?" आणि आपण तिला सांगितलं होतं, "इथेच, आपल्या कपाटात." दिलेला शब्द पाळायचा तर यंत्र आपलंच हवं. यालाच सेल्फ-होस्टिंग म्हणतात. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर सोय घेण्याऐवजी ती आपल्या कॉम्प्युटरवर आपण चालवायची.

रेकॉर्डिंग ऐकायला आपण नॅव्हिड्रोम नावाचा प्रोग्रॅम वापरतो. तो फुकट आहे, मोकळ्या परवान्याचा आहे, आणि जुन्या लॅपटॉपवरही सुखाने चालतो. तो डॉकरच्या कंटेनरमध्ये चालतो. कंटेनर म्हणजे प्रवासाला निघालेल्या माणसाला बांधून दिलेला डबा समजा. चटणी, लोणचं, चमचा सगळं आतच. जिथे उघडाल तिथे जेवण होतं, यजमानाच्या घरात काय आहे नि काय नाही याने अडत नाही.

पण डबा कुठे ठेवायचा, कोणी उघडायचा, हे सांगावं लागतं. ते सांगणारी ती कमांड. रेडिओवर दाखवता येत नाही, म्हणून तुकड्यातुकड्याने वाचते. इंग्रजी अक्षरांत लिहायची असते, मी उच्चार सांगते आहे.

डॉकर रन. मग वजा डी, म्हणजे मागे चालत राहा, पडदा अडवू नकोस. मग नेम, नॅव्हिड्रोम. मग रीस्टार्ट, अनलेस-स्टॉप्ड : मी स्वतः थांबवलं नसेल तर बंद पडल्यावर पुन्हा उठ. मग युजर, १००० अपूर्णविराम १००० : लॅपटॉपवरच्या कोणत्या खात्याच्या अधिकाराने चालायचं ते. मग वजा पी, ४५३३ अपूर्णविराम ४५३३ : हा दरवाजा. मग दोनदा वजा व्ही : आमची रेकॉर्डिंग या फोल्डरात आहेत, ती आत म्युझिक नावाने दिसू देत, आणि तुझी स्वतःची वही, म्हणजे खाती, याद्या वगैरे, या दुसऱ्या फोल्डरात लिही, आत तिचं नाव डेटा. मग वजा ई, लॉगिनच्या पानावरचा स्वागताचा मजकूर. आणि सगळ्यात शेवटी डब्याचं नाव, डेलुआन तिरकी रेघ नॅव्हिड्रोम.

दमलात ना? हे सगळं एका दमात, एका ओळीत, एकही चूक न करता टाईप करायचं. आणि एकदा टाकलं की ते कुठे राहतं? टाकणाऱ्याच्या टर्मिनलच्या इतिहासात, नाहीतर तिच्या डोक्यात.

शेजारच्या तालुक्यातल्या एका महिला गटाची गोष्ट सांगते. त्यांच्याकडेही असाच लॅपटॉप, असाच प्रोग्रॅम. एका हुशार मुलीने सगळं बसवून दिलं. तिची कमांड आपल्यापेक्षा साधी होती, त्यात रीस्टार्टचा तुकडाच नव्हता. मुलीला नोकरी लागली, ती गेली. पावसाळ्यात वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी तर केव्हाच मेलेली, यंत्र बंद पडलं. पुन्हा चालू केलं तेव्हा प्रोग्रॅम उठला नाही. त्यांनी मुलीला फोन लावला. तिने कामाच्या गडबडीत, जुना कंटेनर काढून टाका आणि मी सांगते तसं टाईप करा, असं सांगत कमांड तोंडी सांगितली. ऐकणाऱ्या बाईंनी फोल्डरच्या वाटेतला केंद्र हा शब्द इंग्रजीत लिहिताना एक अक्षर कमी लिहिलं. दोन्ही ठिकाणी तसंच.

आता डॉकरचा एक स्वभाव लक्षात घ्या. वजा व्हीमध्ये सांगितलेलं फोल्डर सापडलं नाही, तर तो तक्रार करत नाही. त्या नावाचं नवं, रिकामं फोल्डर गुपचूप तयार करतो. प्रोग्रॅम सुरू झाला, आणि पडद्यावर पान आलं : पहिलं खातं उघडा. आत एकही रेकॉर्डिंग नाही. चार वर्षांचं काम गेलं असं वाटून त्या बायका हवालदिल झाल्या. दोन दिवसांनी कोणीतरी फोल्डरांची यादी नीट पाहिली, तेव्हा जवळजवळ सारख्या नावाची दोन फोल्डरं दिसली. एकात सगळं जसंच्या तसं होतं. गेलं काहीच नव्हतं. पण ते दोन दिवस काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

यात टाईप करणाऱ्या बाईंचा दोष मी धरत नाही, आणि मुलीचाही नाही. तोंडी सांगितलेल्या मापाचं असंच होतं. आपल्या आयांचा स्वयंपाक 'अंदाजाने' असायचा. सून विचारायची, किती मीठ? उत्तर, बेताचं. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं आणि वाटी-चमच्याचं माप घरोघर गेलं. तेव्हा परगावी संसार मांडलेल्या मुलींना कोणाला पत्र लिहून विचारायची गरज उरली नाही. डॉकरच्या बाबतीत ते काम करणाऱ्या गोष्टीचं नाव कंपोज.

त्याची कुळकथा छोटीशी आहे. डॉकर लोकांसमोर आलं २०१३ च्या मार्चमध्ये. लगोलग लोकांना या लांब कमांडचा कंटाळा आला. लंडनच्या एका छोट्या कंपनीने फिग नावाचं अवजार केलं : कमांडमधलं सगळं एका फाईलमध्ये लिहा, आणि पुढे फक्त 'चालू कर' म्हणा. २०१४ मध्ये डॉकरने ती कंपनीच विकत घेतली आणि फिगचं नाव झालं डॉकर कंपोज. जुन्या माहितीत तुम्हाला डॉकर आणि कंपोज यांच्यामध्ये आडवी रेघ दिसेल. ती पहिली आवृत्ती, तिची देखभाल २०२३ च्या जुलैमध्ये थांबली. आता मध्ये नुसती मोकळी जागा ठेवायची. तसंच जुन्या फाईलींच्या डोक्यावर व्हर्जनची एक ओळ असते. ती आता लागत नाही, खुशाल खोडा.

आता आपली कमांड फाईलमध्ये कशी उतरते ते बघू. लॅपटॉपवर नॅव्हिड्रोम नावाचं फोल्डर आहे, त्यातच आपलं डेटाचं फोल्डर आधीपासून आहे. तिथेच कोणत्याही साध्या एडिटरमध्ये एक नवी फाईल उघडायची, नाव कंपोज डॉट यामल.

पहिली ओळ, सर्व्हिसेस, आणि पुढे अपूर्णविराम. दुसऱ्या ओळीत दोन मोकळ्या जागा सोडून नॅव्हिड्रोम, अपूर्णविराम. तिसऱ्या ओळीपासून चार मोकळ्या जागा सोडून एकेक गोष्ट. इमेज, अपूर्णविराम, एक जागा, डब्याचं नाव. कमांडमध्ये ते सगळ्यात शेवटी होतं, इथे मी सगळ्यात आधी लिहिते. नेमचं होतं कंटेनर-नेम, मध्ये खालची रेघ. रीस्टार्ट तसंच राहतं. युजर तसंच राहतं. वजा पीचं होतं पोर्ट्स. वजा व्हीचं होतं व्हॉल्यूम्स. वजा ईचं होतं एन्व्हायर्नमेंट. पोर्ट्स आणि व्हॉल्यूम्स या याद्या आहेत, म्हणून त्यांच्याखाली आणखी दोन जागा आत सरकून, पुढे एक छोटी आडवी रेघ देऊन, एका ओळीत एक वस्तू लिहायची. वाणसामानाच्या यादीसारखं.

वजा डी मात्र फाईलमध्ये जात नाही. ते चालू करताना म्हणायचं असतं : डॉकर कंपोज अप वजा डी. बस. तुमची रोजची कमांड आता एवढीच.

अपूर्णविरामाच्या दोन बाजूंचा गोंधळ सगळ्यांचा होतो, त्यासाठी मी एक वाक्य ठरवलं आहे : डावीकडे घर, उजवीकडे डबा. ४५३३ : ४५३३ मध्ये दोन्हीकडे तोच आकडा असल्याने काही कळत नाही, पण उद्या घरातला ४५३३ दुसऱ्या कुणी अडवला तर डावीकडचा आकडा बदलायचा. उजवीकडचा नाही. व्हॉल्यूममध्येही तसंच. डावीकडे आपल्या लॅपटॉपवरचं फोल्डर, उजवीकडे डब्यातलं नाव. रेकॉर्डिंगच्या ओळीच्या शेवटी आणखी एक अपूर्णविराम देऊन आर-ओ ही दोन अक्षरं मी हट्टाने लिहिते. म्हणजे फक्त वाचायचं. प्रोग्रॅमला आपल्या मूळ रेकॉर्डिंगना हात लावता येत नाही.

आता यामलचा तोरा. यामल म्हणजे ही फाईल लिहायची पद्धत. यात मोकळ्या जागांना अर्थ असतो. ठिपक्यांच्या रांगोळीत एक ठिपका सरकला की पुढची सगळी नक्षी तिरपी जाते, तसं. टॅबचं बटण इथे चालत नाही, स्पेसबारच दाबायचा. आणि पोर्टचे आकडे नेहमी अवतरणचिन्हांत ठेवा. यामलच्या जुन्या नियमात अपूर्णविरामाने जोडलेले छोटे आकडे घड्याळासारखे साठाच्या हिशेबाने वाचले जातात. २२ : २२ लिहिलं तर २२ गुणिले ६० अधिक २२, म्हणजे १३४२ असा एकच आकडा समजला जातो. आपल्या ४५३३ ला ती भीती नाही, पण सवय एकच ठेवलेली बरी. तसंच इंग्रजी नो हा शब्द उघडा लिहिला तर तो शब्द म्हणून न वाचता नकार म्हणून वाचला जातो. त्यालाही अवतरणचिन्हं द्या.

आणखी एक. इंटरनेटवर मिळणाऱ्या कमांडमध्ये युजरच्या पुढे डॉलरचं चिन्ह आणि कंसात आय-डी वजा यू असं दिसतं. टर्मिनल ते वाचून आपोआप आकडा घालतं. फाईलमध्ये तसं होत नाही. म्हणून आधी टर्मिनलमध्ये आय-डी वजा यू म्हणून आकडा विचारून घ्यायचा, आपल्या लॅपटॉपवर तो १००० आहे, आणि तो आकडाच लिहायचा. पासवर्डमध्ये डॉलर असेल तर फाईलमध्ये तो दोनदा लिहावा लागतो. सोपा उपाय, पासवर्डमध्ये डॉलर ठेवूच नका.

हे सगळं आपोआप करून देणारं एक अवजार आहे, कंपोजराइझ. एका खिडकीत कमांड चिकटवली की दुसरीकडे फाईल तयार. मीही वापरते. पण त्याने दिलेलं डोळे मिटून घेऊ नये. त्याला तुमचं घर माहीत नाही. तुम्ही दिलेल्या वाटेत अक्षर चुकलेलं असेल, तर फाईलमध्येही ते चुकलेलंच येणार, फक्त जास्त नीटनेटकं दिसणार. आणि कमांडमध्ये पासवर्ड असेल तर तो काढून त्या जागी काहीबाही लिहा, मगच कुठल्याही पानावर चिकटवा.

मूळ कमांडच हरवली असेल तर? कंटेनर अजून शिल्लक असेल तर घाबरायचं कारण नाही. डॉकर इन्स्पेक्ट नॅव्हिड्रोम म्हणा. पानभर मजकूर येतो, त्यात डबा कोणता, फोल्डरं कोणती, दरवाजा कोणता, सगळं असतं. वहीत उतरवून घ्या, मगच कंटेनरला हात लावा. त्या गटाला हे कोणी आधी सांगितलं असतं तर.

फाईल झाली की लगेच चालू करायची नाही. आधी डॉकर कंपोज कॉन्फिग. तो फाईल वाचून, आपल्याला काय समजलं ते परत सांगतो, आणि मोकळी जागा चुकली असेल तर ओळीसकट दाखवतो. मग जुना कंटेनर थांबवायचा, डॉकर स्टॉप, आणि काढायचा, डॉकर आरएम. नाहीतर एकाच नावाचे दोन कंटेनर म्हणून भांडण होतं. कंटेनर काढताना पोटात गोळा येतो, मला माहीत आहे. पण रेकॉर्डिंग आणि वही दोन्ही डब्याबाहेर, आपल्या फोल्डरात आहेत. डबा धुतला म्हणून कोठीतलं धान्य जात नाही.

एका ठिकाणी मात्र सावध. काही कमांडमध्ये वजा व्हीच्या डावीकडे फोल्डरची पूर्ण वाट नसते, नुसतं एक नाव असतं. म्हणजे जागा डॉकरने स्वतःकडे राखून ठेवलेली असते. अशी कमांड फाईलमध्ये उतरवली की कंपोज त्या नावाआधी आपल्या फोल्डरचं नाव जोडतो आणि नवी जागा उघडतो. परिणाम तोच, रिकामं पान. सामान जुन्या नावाखाली सुखरूप असतं, पण ते आपल्याला दिसत नाही. तेव्हा फाईलच्या तळाशी, अगदी डावीकडून, व्हॉल्यूम्स असा वेगळा भाग लिहून त्या नावाखाली एक्स्टर्नल, ट्रू असं सांगायचं. म्हणजे ही जागा आधीची आहे, नवी करू नकोस. आणि डॉकर कंपोज डाऊन म्हणताना शेवटी वजा व्ही कधीही लावू नका. तो वजा व्ही वेगळा आहे. तो राखून ठेवलेल्या जागाच पुसून टाकतो. नुसतं डाऊन म्हटलं तर काही जात नाही.

डब्याच्या नावापुढे लेटेस्ट लिहायचं की आवृत्तीचा आकडा? माझं मत आकड्याच्या बाजूने. लेटेस्ट म्हणजे ज्या दिवशी उतरवाल त्या दिवशीचं ताजं. आज आपल्याकडचं आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या लॅपटॉपवर आलेलं, दोन्ही लेटेस्ट, पण एक नाही. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस असलेल्या प्रोग्रॅमांत तर मोठी आवृत्ती बदलली की जुनी वही नव्याला उघडतच नाही. आकडा लिहा. बदलायचा असेल तेव्हा आधी डेटाच्या फोल्डरची प्रत काढा, मग बदला.

पासवर्ड असलेच तर ते फाईलमध्ये नकोत. शेजारी डॉट ई-एन-व्ही नावाची दुसरी फाईल करायची, पासवर्ड तिथे, आणि मुख्य फाईलमध्ये फक्त त्याचं नाव, डॉलर आणि महिरपी कंसात. मग मुख्य फाईल कोणालाही बिनधास्त देता येते. कॉन्फिगने पडद्यावर दाखवलेला मजकूर मात्र तसा देऊ नका, त्यात पासवर्ड भरलेले असतात.

सगळ्याच गोष्टींसाठी फाईल करत बसा असं मी म्हणत नाही. एखादा प्रोग्रॅम अर्धा तास बघून टाकून द्यायचा असेल तर डॉकर रन ठीक आहे. आणि राऊटरमधून हा दरवाजा बाहेरच्या जगाला उघडू नका. केंद्राच्या वायफायवर ऐकता आलं, आपल्याला पुरे.

आपल्या केंद्राची ही फाईल १५-१६ ओळींची आहे. मी ती मोठ्या अक्षरांत छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे, आणि पेनड्राईव्हवर डेटा आणि रेकॉर्डिंगच्या प्रतीबरोबर ठेवली आहे. नुसती फाईल म्हणजे नुसती कृती. सामान वेगळं जपावंच लागतं. येत्या मंगळवारी दुपारी तीनला दान मिळालेला दुसरा लॅपटॉप आणते आहे. त्यावर डॉकर बसवून ठेवलेलं असेल, बाकी काही नाही. पेनड्राईव्हवरून नॅव्हिड्रोमचं फोल्डर आणि रेकॉर्डिंग पहिल्या लॅपटॉपवर होती त्याच वाटेवर उतरवायची, डेटाचं फोल्डर जागेवर आहे ना ते बघायचं, कारण ते नसेल तर डॉकर स्वतःच्या अधिकाराने तयार करतो आणि मग आपल्या १००० नंबरच्या खात्याला त्यात लिहिता येत नाही. मग कॉन्फिग, मग अप वजा डी. कीबोर्डवर तुमच्यापैकी कोणीतरी बसायचं. मी खोलीत असेन, पण बोलणार नाही. पहिली ओवी वाजली की चहा माझ्याकडून.